भातखंड्यांची स्वरलिपी आणि सोळा खान्यांचा सिक्वेन्सर

मागच्या पावसाळ्यात मी एक सेकंडहँड स्टेप सिक्वेन्सर घेतला. सोळा बटणं, प्रत्येक बटणाखाली एक लाल दिवा आणि वर चार-पाच नॉब. पहिले दोन दिवस मी बोईसरच्या आमच्या घरी रात्री दोनपर्यंत तेच घेऊन बसलो होतो. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, हे बिघडलंय का, तेच तेच का वाजतंय? तिचं बरोबर होतं.

हिशोब सोपा आहे. टेम्पो १२० ठेवला आणि एका ठोक्यात चार स्टेप धरल्या, तर एका सेकंदाला आठ स्टेप होतात. म्हणजे सोळा स्टेपचा पॅटर्न दोन सेकंदांत संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एका मिनिटात तीस वेळा तीच गोष्ट ऐकून कुणाचंही डोकं फिरेल.

स्टेप सिक्वेन्सर म्हणजे काय, हे आमच्याकडच्या लोकांना समजावणं तसं अवघड नाही. तारापूर एमआयडीसीतल्या बॅच प्लँटमध्ये पीएलसी हेच काम करतो: पहिल्या स्टेपला व्हॉल्व्ह उघड, दुसऱ्या स्टेपला ढवळणी चालू कर, तिसऱ्या स्टेपला तापमान धरून ठेव आणि बॅच संपली की पुन्हा पहिली स्टेप. संगीतातला सिक्वेन्सर व्हॉल्व्हच्या जागी सूर उघडतो, एवढाच फरक. प्लँटमध्ये प्रत्येक बॅच सारखी निघाली तर तो गुण असतो. संगीतात मात्र तोच दोष ठरतो.

मग मी जास्त स्टेपचं मशीन शोधायला लागलो. चौसष्ट स्टेप, एकशे अठ्ठावीस स्टेप, सूर आपोआप बदलणारं बटण. पैसे घालायच्या आधी एका शनिवारी पालघरला एका ओळखीच्या हार्मोनियम क्लासमध्ये बसलो होतो. कपाटात एक जाडजूड, पाठ उसवलेलं पुस्तक दिसलं: 'हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तक मालिका', लेखक विष्णु नारायण भातखंडे. उघडलं तर प्रत्येक ओळीत सोळा खाने, चार-चारचे गट, गटांमध्ये उभ्या रेघा. माझ्या मशीनचा पुढचा भागच कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी छापून ठेवलाय, असं वाटलं.

मशीन बदलायचा विचार सोडला आणि आधी हा माणूस कोण होता ते वाचायला घेतलं.

मुंबईचा वकील

भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला. डहाणू लोकलनं ग्रँट रोडला उतरलो की मी आजही त्या भागापासून फार लांब नसतो. घरात गाण्याची आवड होती, पण गाणं हा पेशा नव्हता. लहानपणी बासरी आणि गाणं, मग वल्लभदास दामुलजींकडे सतारीची तालीम. शिक्षण मात्र रीतसर चालू होतं. १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, वकिली सुरू केली आणि काही काळ कराचीतही काम केलं.

आपण इंजिनीअरिंग केलेली मुलं नोकरी सांभाळून रात्री संगीत करतो, तसंच काहीसं. फक्त त्यांचं 'रात्रीचं काम' फार गंभीर होतं. १८८४ मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. पारशी मंडळींनी काढलेली ही मुंबईची संस्था. तिथे नामवंत गवई येत, शिकवत, मैफली होत. रावजीबुवा बेलबागकर आणि इतरांकडून भातखंड्यांनी ध्रुपदं आणि ख्याल शिकून घेतले, शेकड्यांनी.

शिकता शिकता त्यांना एक गोष्ट टोचायला लागली. तीच चीज दोन गवयांकडे दोन प्रकारची. त्याच रागाचे नियम एका घरी एक, दुसऱ्या घरी दुसरे. का, असं विचारलं तर उत्तर नाही. लिहून ठेवलेलं जवळजवळ काहीच नाही. सगळा डेटा माणसांच्या डोक्यात, आणि माणूस गेला की डेटा गेला. बॅकअप नावाची गोष्टच नव्हती. शिवाय ज्याच्याकडे दुर्मिळ चीज असे, तो ती सहजासहजी दुसऱ्याला देत नसे. तीच त्याची मिळकत होती.

१९०० मध्ये त्यांची पत्नी वारली. १९०३ मध्ये मुलगी गेली. घरात वाट बघणारं कुणी उरलं नाही. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, भातखंडे दक्षिण भारताच्या दौऱ्यावर निघाले. हळूहळू त्यांनी वकिलीही सोडली. उरलेलं आयुष्य एकाच कामात गेलं: ऐकायचं, विचारायचं, लिहून काढायचं.

पाच स्विच, दहा थाट

दक्षिणेत त्यांनी जुन्या पोथ्या शोधल्या आणि एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. तिथे त्यांनी व्यंकटमखीच्या पद्धतीचा अभ्यास केला. सतराव्या शतकातल्या या पंडितानं स्वरांच्या शक्य जोड्या मांडून ७२ मेळ काढले होते. खालच्या भागाच्या सहा शक्यता, वरच्या भागाच्या सहा आणि मध्यम दोन प्रकारचा: ६ × ६ × २ = ७२. हा शुद्ध कॉम्बिनेटोरिक्स आहे.

उत्तरेच्या गाण्याला ७२ खाने नको होते. तिथे सा आणि प स्थिर. रे, ग, ध, नी हे चार स्वर शुद्ध किंवा कोमल, आणि म शुद्ध किंवा तीव्र. म्हणजे पाच स्विच, प्रत्येकाच्या दोन जागा. सॉफ्टवेअरच्या भाषेत पाच बिट. एकूण शक्यता ३२. भातखंड्यांनी प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागांकडे बघून त्यातले दहा निवडले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी.

माझ्या सिक्वेन्सरवर 'स्केल' नावाचं एक सेटिंग आहे. ते लावलं की नॉब कसाही फिरवला तरी स्केलबाहेरचा सूर लागत नाही. थाट म्हणजे साधारण तेच सेटिंग. पण भातखंडे तिथे थांबले नाहीत. थाट हा राग नव्हे, थाट फक्त रागांना शोधायचा कप्पा, हे त्यांनी स्पष्ट ठेवलं. बहुतेक सिक्वेन्सरवाले (मी धरून) स्केल लावलं की काम झालं असं समजतात. आमची चूक तिथेच होते.

एका खान्यात किती मावतं

१९०७ आणि १९०८ मध्ये ते पूर्व आणि उत्तर भारतात फिरले. पुढे जयपूरच्या महंमद अली खाँकडून आणि रामपूरच्या दरबारातून त्यांनी मोठा साठा मिळवला. रामपुरात तर ते नवाब हमीद अली खाँ आणि वझीर खाँ यांचे रीतसर शिष्य झाले. शिष्य झाल्याशिवाय चिजा मिळणार नव्हत्या. ऐकलेलं सगळं उतरवायला त्यांना लिपी लागणार होती, आणि ती छापखान्यात जुळवता येईल इतकी साधी असणं भाग होतं.

त्यांनी केलेली लिपी अशी: तालाची प्रत्येक मात्रा म्हणजे एक खाना. तीनतालात सोळा मात्रा, चारचे चार विभाग. समेवर गुणिलेची खूण, खालीवर शून्य. मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार सप्तकातल्या स्वरावर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. स्वर लांबवायचा तर पुढच्या खान्यात नुसती आडवी रेघ. एका मात्रेत दोन-तीन-चार स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस. मींड असेल तर वरून कमान. कणस्वर बारीक अक्षरात वर. आणि माझी आवडती खूण: स्वर गोल कंसात असेल तर तो एकटा नसतो. (प) लिहिलं की वाजवायचं धपमप. आमच्या भाषेत हा फंक्शन कॉल झाला.

आता रोलंड टीबी-३०३ घ्या. १९८१ चं जपानी मशीन, ताडाओ किकुमोतो यांनी डिझाईन केलेलं, सोळा स्टेपचं. प्रत्येक स्टेपला काय देता येतं? सूर, सप्तक वर किंवा खाली, आघात, स्लाइड, लांबवणं, शांतता. टिंब, समेची खूण, मींडेची कमान, आडवी रेघ, सगळं तिथे आहे. किकुमोतोंनी भातखंडे वाचले होते असं मी म्हणत नाहीये. सोळा खान्यांत सूर मावण्याजोगे लिहायचे ठरवले की कुणीही याच खुणांवर येऊन पोचतं, असं मला वाटतं.

यातून माझा पहिला धडा. मी सोळाच्या सोळा खान्यांत सोळा सूर भरत होतो. भातखंड्यांच्या पुस्तकातलं कुठलंही पान बघा, कितीतरी खान्यांत नुसती आडवी रेघ आहे आणि एखाद्याच खान्यात चार स्वर दाटीवाटीनं बसलेत. मी पॅटर्नमधले सात सूर काढून टाकले, त्यातल्या काही जागी आधीचा सूर लांबवला आणि एकाच स्टेपवर रॅचेट लावलं, म्हणजे त्या एका स्टेपमध्ये तोच सूर तीनदा. स्टेप सोळाच राहिल्या, पण पहिल्यांदाच ते वाक्य वाटायला लागलं. आधी ती नुसती टकटक होती.

भूप आणि देशकार

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर तेच: सा रे ग प ध. बिट बाय बिट सारखे. तरी भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावलमध्ये. ज्या स्वरावरून हे थाट वेगळे होतात तो मध्यम तर दोघांतही नाही! मग निर्णय कशावरून? चालीवरून. भूपाचा वादी गंधार, त्याचा जीव खालच्या भागात, वेळ रात्रीची. देशकाराचा वादी धैवत, तो वरच्या भागात खेळतो, वेळ सकाळची.

मी हे मशीनवर करून बघितलं. स्केल एकच, पाच स्वर. पॅटर्न ए मध्ये आघात आणि लांबवलेले सूर गंधारावर, बाकीचे आसपास, मंद्र सप्तकाकडे झुकलेले. पॅटर्न बी मध्ये तेच पाच स्वर, पण मुक्काम धैवतावर आणि तार षड्जाकडे ओढ. एकही नवा सूर न घालता दोन वेगळ्या वेळा ऐकू आल्या. मी राग वाजवला असा माझा दावा नाही. एखादा जाणकार ऐकून हसेल. पण वैविध्य हवं तर आधी नवे सूर शोधायचे नसतात, आधी आहेत त्यातल्या कुठल्या सुरावर थांबायचं ते बदलायचं असतं, हे मला या दोन रागांनी शिकवलं.

तसंच आरोह-अवरोहाचं. बऱ्याच रागांत वर जाताना एखादा स्वर गाळतात आणि उतरताना घेतात. सिक्वेन्सरची दिशा उलटी केली की तीच वाट उलटी होते, आणि तो खेळ दोन मिनिटांत संपतो. उलट्या पॅटर्नमध्ये एक-दोन सूर मुद्दाम घातले की उतरणीची वाट वेगळी होते.

लांबी आणि समेवर येणं

भातखंड्यांच्या पुस्तकांत सगळंच सोळाचं नाही. झपताल दहा मात्रांचा, एकताल बाराचा, रूपक सातचा. जवळजवळ प्रत्येक सिक्वेन्सरवर शेवटची स्टेप ठरवायची सोय असते, आणि जवळजवळ कुणीही ती वापरत नाही. ढोल सोळावर ठेवा, बेस दहावर, वरची सुरावट सातवर. तिघं पुन्हा एकत्र पहिल्या स्टेपवर कधी येतील? १६, १० आणि ७ यांचा लसावि ५६०. सेकंदाला आठ स्टेपच्या वेगानं ७० सेकंद. दोन सेकंदांचं चक्र सत्तर सेकंदांचं झालं, तेही एक रुपया न घालता. शाळेत शिकलेला लसावि असा कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

पण नुसतं असं सोडून दिलं की थोड्या वेळानं सगळं भरकटल्यासारखं वाटतं. इथे तिहाई लागते. पाच स्टेपचा एक तुकडा, मग एक स्टेप मोकळी, असं तीनदा. ५ + १ + ५ + १ + ५ = १७. पहिल्या स्टेपवर सुरू केलं तर शेवटचा ठोका सतराव्यावर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो. हा एक वेगळा पॅटर्न म्हणून साठवून ठेवायचा आणि दर आठव्या फेरीला एकदाच वाजवायचा. ऐकणाऱ्याला मोजता आलं नाही तरी आपण घरी पोचलो हे कळतं.

शाळा, आरोप आणि शेवट

भातखंड्यांनी हे सगळं वहीतच ठेवलं असतं तर मला पालघरच्या कपाटात ते सापडलं नसतं. १९१० च्या सुमारास 'चतुर पंडित' या टोपणनावानं त्यांचा संस्कृत ग्रंथ 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' आला. त्याबरोबर 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चे चार भाग, तेही मराठीत, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. मग क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग, सुमारे अठराशे चिजा. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्यामागे भातखंडे होते. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघालं, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर तिथले प्राचार्य झाले. आज ती संस्था भातखंड्यांच्या नावानं विद्यापीठ आहे.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती सगळी चुकीची नाही. मधुवंतीसारखे राग दहापैकी कुठल्याच थाटात नीट बसत नाहीत. ज्या उस्तादांकडून ते शिकले, त्यांच्याबद्दल त्यांच्या लिखाणात कडवटपणा दिसतो. आणि सगळ्यात मोठा आक्षेप: जिवंत गाणं चौकटीत कोंडलं की ते मरतं. शाळेत लिपीवरून शिकलेली मुलं एकसारखी गातात, असं तेव्हाही म्हटलं जायचं.

हा आक्षेप मला माझ्यावरच घेतल्यासारखा वाटतो, कारण माझं मशीन म्हणजे नुसती चौकट. पण पुस्तक पुन्हा उघडून बघा. एका चिजेला साधारण एक-दोन पानं. ती चीज मैफलीत अर्धा तास चालते. उरलेला वेळ कुठे लिहिलाय? कुठेच नाही. त्याच काळात विष्णु दिगंबर पलुसकरांनीही लिपी केली. तिच्यात प्रत्येक स्वराच्या कालमानाला वेगळी खूण होती, ती जास्त बारकाईनं लिहू शकत होती. टिकली आणि पसरली जास्त करून भातखंड्यांची, कारण ती कमी सांगत होती. तिच्यात गाण्याचा सांगाडा होता, बाकीचं गाणाऱ्यावर सोडलेलं होतं. सोळा खाने विसरले जाऊ नयेत म्हणून लिहिलेले होते. तेवढेच वाजवत बसा, असं ते पुस्तक कुठेही सांगत नाही.

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघात झाला. तीन वर्षं अंथरुणावर काढून १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ते गेले.

त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी, १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी मुंबईत टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा रागांचा डिस्को ठेक्यावरचा एक अल्बम केला. तेव्हा तो फारसा कुणी ऐकला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण शिकागोत ॲसिड हाऊस सुरू व्हायच्या आधीच इथे तसा आवाज निघाला होता. ऐकताना लक्ष द्या: ठेका तोच राहतो, चौकट तीच राहते, सुरावट मात्र रागाच्या वाटेनं सतत फिरत असते. मशीन आवर्तन सांभाळतं, माणूस त्यावर चालतो.

आता तुम्ही काय कराल

मी नवं मशीन घेतलं नाही. तुमच्याकडे एखादा जुना सिक्वेन्सर पडून असेल, किंवा फोनवरचं फुकट ॲप असेल, तर या क्रमानं करून बघा. सोळातले निम्मे सूर काढा. उरलेल्यांतला एक सूर मुक्कामाचा ठरवा आणि आघात तिथेच द्या. नवव्या स्टेपपासून चार स्टेप बेस बंद ठेवा, तीनतालात खालीच्या आसपास डग्ग्याचा घुमारा थांबतो तसा. एका ट्रॅकची लांबी सात किंवा दहा करा. तिहाईचा पॅटर्न बाजूला तयार ठेवा. आणि मग एक हात नॉबवर ठेवून वाजवा, मशीनला एकटं सोडू नका.

हे शेवटचं मला पुस्तकात मिळालं नाही, आमच्या जिल्ह्यात मिळालं. पालघरच्या वारली पाड्यांवर भात कापणीच्या सुमारास तारपा वाजतो. दुधी भोपळ्याचं ते वाद्य, मोजके सूर, आणि भोवती हातात हात घालून गोल फिरणारी माणसं. तो लूपच आहे. पण तारपावाला चाल बदलतो आणि अख्ख्या गोलाची पावलं बदलतात. भातखंडे रागसंगीतापाशी थांबले, हे संगीत त्यांच्या वहीत आलं नाही.

मागच्या रविवारी मी बसलो तेव्हा आई बाजूला भाजी निवडत होती. वीसएक मिनिटांनी तिनं विचारलं, आता वेगळं गाणं लावलंस का? पॅटर्न तोच होता, पहिल्या दिवशीचा.